सुतकातला चहा

त्या रविवारी आमी तिघं ओट्यावर पावटे सोलत होतो. मी, माझी बायको आन पुण्याहून येणारा, पेपरात कॉम्प्युटरविषयी लेख लिहिणारा वळखीचा पोरगा. लिहिलेलं आधी आमाला वाचून दाखवायचा, दर वाक्याला विचारायचा, "कळतंय ना, काकू?"

"तुजा कॉम्प्युटर कायबी ईसरत न्हाई म्हणतोस, मग त्याला झोप कशी लागती रं?" ती म्हणाली.

त्यानं हसून ते एसटीच्या तिकिटावर लिहून घेतलं.

त्याच सांजेला ती बसल्या जागी गेली. तो पुण्याला परतला न्हाई.

सकाळी मी उठेना, पाणीबी घेईना. त्यानं आमची चूल पेटवून चहा केला.

"सुतकात चूल पेटवली!" भावकीतल्या बायका ओरडल्या. त्या शिकलेल्याला हे ठाऊकच नव्हतं. कप धरून तो नुसता उभा राहिला.

"आण हिकडं," मी म्हणलं, आन सगळ्यांदेखत प्यालो.