अक्काच्या तबकातलं एकच फूल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलांना नाही. देवापुढे बसूनसुद्धा नाही – तिथे मी दुसरंच काहीबाही मागत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल. आणि अजूनही तो एक शब्द कानावर पडला की हातातलं काम थांबतं, म्हणूनही असेल.

शब्द अगदी साधा आहे. सरी.

तुम्ही पुण्याकडचे असाल तर तुमच्या डोळ्यांपुढे दागिना येईल – गळ्यात घालायची सोन्याची सरी. माझ्याही यायचा. बंगळूरला सरी म्हणजे ‘बरं’, ‘ठीक’. शब्द कानडी, पण माझ्या सासरचे लोक तीनशे वर्षं इथे राहिलेले, त्यांच्या मराठीत तो पार मुरून गेला होता. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर? पण कोण सांगणार? आपण वेगळं बोलतो असं त्यांना कुठे वाटत होतं?

पन्नासच्या दशकात लग्न होऊन मी पुण्याहून आले. यशवंतपूरला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या गळ्यात सरी होती आणि ती खोटी होती. पितळेची, वर सोन्याचं पाणी दिलेलं. माझे वडील शाळामास्तर. बैठकीत त्यांनी सरी कबूल केली आणि ती त्यांना काही जमली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढेमागे बदलून देतो, तोवर सांभाळ. माझ्याकडे न बघता म्हणाले. सांभाळ म्हणजे लपव, हे मला कळलं.

आणि सासरी आले तर सासूबाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी विचारायच्या – सरी? पाणी काढलंय, सरी? आधी तू जेव, सरी? विचारायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मला वाटे, गळ्याकडे बघतात. माझा तर जीव अर्धा झाला. आठवडाही गेला नसेल. देवनहळ्ळीहून, त्यांच्या माहेरून पपनसं आली होती – त्या चकोता म्हणत – ती सोलत बसल्या होत्या. एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “सरी?”

मी सरी काढली, त्यांच्यापुढे ठेवली आणि रडत सुटले. खोटी आहे, मला ठाऊक होतं, वडिलांना बोलू नका, काय बोलायचं ते मला बोला.

सासूबाईंना काहीच कळेना. कळलं ते वेणूअक्काला. वेणूअक्का म्हणजे माझी थोरली नणंद; लग्न झालेलं नव्हतं, कानडी शाळेत लहान मुलांना शिकवायची. ती आधी खो खो हसली, मग माझ्याजवळ बसली आणि तिनं मला सगळं उलगडून सांगितलं. सासूबाईंनी हात पुसले, सरी उचलली आणि स्वतः माझ्या गळ्यात घातली. म्हणाल्या, “हे आपल्या तिघींतच राहायचं बघ. तुझ्या श्रीपतीलासुद्धा कळायचं कारण नाही. सरी?” आणि मग आम्ही तिघीही हसलो.

तेव्हापासून अक्का माझी झाली. नणंद वगैरे राहिलीच नाही. तिनं मला कानडी शिकवली, भाजी कुठली घ्यायची ते शिकवलं, आणि नाटकांना नेलं.

नाटकांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मराठी मंडळाची वर्षाला चार-पाच नाटकं व्हायची, एका शाळेच्या सभागृहात. वर्ष संपता संपता एका रविवारी प्रेक्षक जमायचे आणि वर्षाचं आवडतं नाटक निवडायचे. टेबलावर प्रत्येक नाटकाच्या नावानं एक तबक. ज्याला जे आवडलं असेल त्यानं त्या तबकात शेवंतीचं फूल घालायचं. सगळं उघड, सगळ्यांदेखत. त्याआधी कुणाला काही बोलायचं असेल तर उठून बोलायचं. फुलं जास्त मिळतील ते नाटक मुंबईच्या स्पर्धेला जायचं.

माझ्या बोलण्याला तिथे भलताच मान होता. का? मी पुण्याची, एवढंच. मला नाटकातलं काय कळत होतं? पण मंडळी नाटक संपलं की माझ्या तोंडाकडे बघायची – हिला आवडलं का? मराठी शुद्ध होतं का? आणि मीही काही कमी नव्हते. मान हलवायची, एखादा उच्चार चुकला म्हणायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

नाटकं सगळी पुण्यामुंबईहून यायची, पुस्तकी मराठीतली. आमची माणसं घरी ‘स्वल्प थांब की’ म्हणायची आणि रंगमंचावर जाऊन ‘किंचित थांबावे महाराज’ म्हणायची. अक्काला याचं हसू यायचं. एक दिवस म्हणाली, आपल्या घरात बोलतात तसं का नाही बोलायचं? आणि तिनं नाटक लिहायला घेतलं. वर्षभर लिहीत होती. शाळेतून आली की पदर खोचून आधी पोळ्या लाटायची आणि मग मागच्या पडवीत जाऊन बसायची. मला वाचून दाखवेना. तालमीलाही येऊ देईना. म्हणायची, “तू नाटकालाच यायचं. तुझ्यासाठी आहे ते.”

त्याच वर्षी माझे वडील गेले. सरी बदलायची राहिली ती राहिलीच. मीही कधी आठवण दिली नव्हती. देणार तरी कशी?

नाटकाच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत होते. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला हे. पडदा उघडला. स्वयंपाकघर, पाटावर बसलेली सासू, आणि पुण्याहून आलेली नवी सून. सासू म्हणाली, सरी? – आणि सुनेनं गळ्याला हात लावला.

सभागृह हसलं. मला तर आधी कळलंच नाही – की कळून घ्यायचं नव्हतं? सासू पुन्हा म्हणाली, सरी? पुन्हा हशा. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आपली बोली पहिल्यांदाच रंगमंचावर ऐकत होती ती माणसं, त्यांना किती आनंद झाला होता ते आज मला कळतं. तेव्हा मला दिसत होते ते माझे वडील, माझ्याकडे न बघता ‘सांभाळ’ म्हणणारे. आणि मग ती सून सरी काढून ठेवते आणि म्हणते – माझे शब्द. अगदी माझेच शब्द. वडिलांना बोलू नका, काय बोलायचं ते मला बोला. हे माझ्या शेजारी बसून हसत होते. त्यांना काय ठाऊक?

मी उठले. डोकं दुखतंय असं सांगून बाहेर गेले आणि सायकली लावायच्या जागेपाशी उभी राहिले. माझा विश्वासघात झाला होता. तिघींतलं म्हटलं होतं ना? मग हे काय होतं? जिला मी बहिणीपेक्षा जवळची मानली तिनं माझी लाज तिकीट लावून गावाला दाखवली, आणि तीही माझे वडील जाऊन वर्ष व्हायच्या आत. आज हे सांगतानाही तो राग थोडा वर येतो. तिनं विचारायला हवं होतं. मी कदाचित हो म्हटलं असतं – कदाचित नसतंही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या, “शेवट बघायला हवं होतंस की ग.” मी विचारलं नाही, काय शेवट. अक्का माझ्या आजूबाजूला घोटाळत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून. डोकं दुखत होतं हे तिला खरंच वाटलं होतं. मी म्हटलं, छान झालं. आणि तांदूळ निवडत बसले.

इथपर्यंत तुम्ही माझ्या बाजूनं असाल. अजून स्वल्प थांबा.

फुलांचा रविवार आला. सभागृह गच्च भरलं होतं आणि सगळे अक्काच्याच नाटकाबद्दल बोलत होते. निकाल काय लागणार हे फुलांआधीच दिसत होतं. अक्कानं नवी इरकल नेसली होती. मुंबईला जायचं म्हणून तिनं शाळेत रजेचंही विचारून ठेवलं होतं. चाळिशीला आलेली ती बाई, म्हैसूरपलीकडे कधी गेली नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे वकील. सगळे त्यांना वकीलअण्णा म्हणायचे. त्यांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? आणि मी उठले.

मी म्हणाले, नाटक चांगलं आहे, पण हे मी आधी पाहिलेलं आहे. लग्नाआधी, पुण्याला.

असं म्हणायचं मी घरून ठरवून आले होते का? नाही. पण शब्द अडखळले नाहीत. वकीलअण्णांनी नाव विचारलं. म्हटलं, नाव आठवत नाही, त्यातली सासू धारवाडची होती. बघा, किती पटकन सुचलं. पुण्यात असं नाटक कोण करणार, आणि सरीचा तो घोळ तिथे कुणाला कळणार, हे त्या भरल्या सभागृहात एकाच्याही मनात आलं नाही. मी पुण्याची होते ना. कुणीतरी मागून हळूच म्हणालंही – तरीच, नाहीतर आपल्यातलं कोण असं लिहिणार?

वकीलअण्णा अक्काकडे वळले. “वेणू, हे तुझंच ना ग? सांग की.”

तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. हे पुण्याचं नाही, आमच्या घरात घडलंय, हिच्या गळ्यातली ती सरी बघा. पितळ लपत नाही. ती कधीच काळपट पडली होती. माझा हात गळ्याशी गेला होता, तिनं तो पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं, मी का उठून गेले होते ते तिला त्या क्षणी कळलं.

ती म्हणाली, “सरी.”

एवढंच. हातातली नाटकाची वही पिशवीत घातली आणि खाली बसली.

लोकांनी ती कबुली धरली. मी काय धरलं? मी बरोबर तेच धरलं जे ती म्हणत होती. तिघींतलं तिघींतच राहील, असं ती म्हणत होती. चोर ठरून म्हणत होती.

तर आता ऐका. मी रागात खोटं बोलले, ते मी सांगायला आले नव्हते. रागात माणूस बोलून जातो. मी सांगते आहे ते त्यानंतरचं. लोक रांगेनं उठले, एकेक करून तबकांपाशी गेले, फुलं घातली, परत आले – याला पुष्कळ वेळ लागला. राग तेव्हा उरलाच नव्हता. तिच्या त्या एका शब्दासरशी तो गेला होता. मला सगळं स्वच्छ कळत होतं, आणि मी बसून राहिले. उठून ‘मी खोटं बोलले’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता – का? आणि मग वडील, पितळ, सगळं. मी हिशेब केला. तिचं नाव की माझी सरी – आणि सरी ठेवली.

सासूबाई सगळ्यांत शेवटी उठल्या. सावकाश चालत गेल्या आणि अक्काच्या तबकात फूल घातलं. त्या तबकात ते एकच होतं. त्याही बोलल्या नाहीत. त्यांनीही मला सांभाळलं.

माझं फूल? शेजारच्या तबकात. ऐतिहासिक नाटक होतं, यांनी त्यात सरदाराचं काम केलं होतं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

अक्काच्या नाटकाचा शेवट मला फार पुढे शेजारणीनं सांगितला. सगळं घर बारीकसारीक खोटं बोलत असतं, आणि खरं बोलायची हिंमत एकट्या त्या नव्या सुनेला होते. शेवटी सासू सगळ्यांदेखत तिच्या पाया पडते म्हणे. लोक रडले होते.

ते नाटक पुन्हा झालं नाही. अक्कानं पुन्हा लिहिलं नाही, आणि आमच्या बोलीत लिहायला दुसरंही कुणी धजलं नाही. मंडळानं परत पुण्याची नाटकं आणली. अक्का नाटकांना यायची थांबली. नाटक असलं की त्या संध्याकाळी ती माझी मुलं सांभाळायची, म्हणजे मला जाता येईल. आणि मी जात होते. दर वर्षी शेवंतीचं फूल घेऊन जात होते, नाटकांबद्दल बोलत होते, आणि लोक ऐकत होते.

आम्ही एकाच स्वयंपाकघरात राहिलो. ती माझ्याशी वाईट वागली नाही, अबोला धरला नाही. फक्त एक झालं. भाजीवाल्याशी, मुलांशी, आईशी ती पूर्वीसारखीच सरी म्हणायची. माझ्याशी म्हणायची, बरं. अगदी पुण्यासारखं, स्वच्छ. कढी उकळली, अक्का – बरं. मी बाजारात जाते, अक्का – बरं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चुकून म्हणाली असेल.

साठचं दशक सरता सरता ती आजारी पडली आणि उठलीच नाही. एका दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते. माझ्या गळ्यात तीच सरी होती. अक्काची नजर तिच्यावर गेली आणि तिथे थोडी थांबली. इतक्या वर्षांत तो शब्द मी कधी तोंडातून काढला नव्हता. त्या दिवशी तिची उशी नीट केली आणि तिच्यासारखंच विचारलं, “सरी, अक्का?”

ती म्हणाली, “बरं.”