कुदळीवरचा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही – तिथं तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहिले. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आमच्या वळ गावात मला ओळखणारे सगळे मला चांगली बाई समजतात.

चांगली कशी, तेही ऐका. माझी धाकटी जाऊ हिरा. तिचा उजवा हात अधू आहे – अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं राहिलं. तिच्या वाटच्या भाकऱ्या मी थापल्या, तिच्या पोरांना मी न्हाऊमाखू घातलं, तिची वेणी मी घातली. ‘अशी जाऊ मिळायला नशीब लागतं,’ असं बायका म्हणतात. मी खाली बघते, आणि तोही त्यांना माझा मोठेपणा वाटतो.

पण आधी त्या मातीबद्दल सांगायला हवं. सत्तर सालानंतरची गोष्ट, तेव्हा इथं गोदामं नव्हती, भाताची शेतं होती. भात कापून झालं की विहिरीजवळच्या तुकड्यात आम्ही दोघी जावा मुळ्या-मेथीचे वाफे काढायचो. ती चिकणमाती पावसात पाय सोडत नाही, आणि सुकली की कुदळीला दाद देत नाही. घाव घातला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. एकटीचं कामच नव्हे ते. एकीने कुदळ रुतवायची, दांडा दाबून ढेकूळ उचलून धरायचं आणि कुदळीवर पाय ठेवायचा, म्हणजे ती जागची हलणार नाही. मग दुसरीने फटीत हात घालून ढेकूळ ओढून काढायचं. ‘पाय हाय तवर हात’ – सासूने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. पाय नसताना हात घातला, तर चूक हातवालीची. त्यात कुणी वाद घालत नसे.

आता सिनेमाचं. हसू नका. भाजीची पाटी घेऊन मी भिवंडीच्या बाजारात जायची. एक दिवस माल लवकर खपला. धामणकर नाक्याकडून परतताना काय मनात आलं कोण जाणे – टॉकीजात शिरले. रिकामी पाटी मांडीवर घेऊन अंधारात बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी मला हाक मारत नव्हतं. घरी येऊन हे फक्त हिराला सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय राहवेना. आणि हिराच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिने भात कांडता कांडता सासूला सांगितलं, सासूने माझ्या नवऱ्याला.

त्याने मला बैलाच्या चाबकाने मारलं. अंगणात, भरदिवसा, शेजारच्या बायका कुडाआडून बघत असताना. मी पडले तेव्हा लाथ घातली. ‘कोनासंगं गेलतीस?’ एवढंच विचारत होता. कुणासंगं म्हणून सांगू? पाटीसंगं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वाफ्यावर होतो. कुदळ माझ्या हातात. प्रत्येक घावाला पाठीवरचे वळ तडकत होते, चोळी चिकटत होती. मी मातीला मारत होते – कुणाला मारत होते? नवरा विहिरीवर येऊन पाणी पिऊन गेला. माझ्यापासून हाताच्या अंतरावरून. कुदळ तेव्हाही हातातच होती. मी डोक्यावरचा पदर नीट केला.

तो गेल्यावर हिरा हळूच म्हणाली, “वहिनी, सांग ना, कसा व्हता शिनेमा?”

 मी कुदळ रुतवली, ढेकूळ उचललं, पाय ठेवला.

“मना पन नेशील का येकदा?” ती म्हणाली, आणि वाकून दोन्ही हात फटीत घातले.

मी पाय काढला.

इथं थांबून एक सांगते, म्हणजे तुम्ही माझी कीव करायला लागणार नाही. कुदळ मातीतून उपसावी लागते. मग ती डोक्यावर न्यावी लागते. मग खाली आणायची. त्यात केवढा वेळ जातो! ती मान खाली घालून ढेकळाशी झटत होती, मला तिच्या मानेवरचा घाम दिसत होता, बोटं दिसत होती. मी थांबू शकत होते. मी नेम धरला.

तिने डावा हात ओढला. उजवा राहिला. आवाज मातीवरच्या घावासारखा आला नाही, तेवढं सांगते. मग ती ओरडली, आणि मला – हेही सांगायलाच हवं – मला क्षणभर फार बरं वाटलं.

बैलगाडीतून तिला भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर, लुगडं रक्ताने भिजलेलं. वाटेत ती शुद्धीवर आली. “वहिनी, पाय व्हता ना गं?”

“न्हाय,” मी म्हटलं. “तूच घाई केलीस.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मंग माझीच चूक.”

तिचा नवरा कापडाच्या लूमवरची शिफ्ट टाकून धावत आला. तिच्या हाताचं फडकं अजून ओलं होतं. त्याने विचारलं, “डोले कुठं व्हते तुझे?” आणि तिच्या कानफटात मारली. पुन्हा मारली. ती भिंतीवर आपटली, तरी म्हणत होती, “माझीच चूक, माझीच चूक.” मी शेजारी उभी होते. एक शब्द पुरला असता. मी मधे होऊन तिचा पदर सावरला, आणि मी दिराला आवरलं म्हणून माझं कौतुक झालं.

वड्याचं तेल वांग्यावर, असं म्हणतात. मीही कितीदा मनाला तसंच समजावलं. पण तेलाला कळत नसतं, मला कळत होतं. ज्याने मारलं त्याच्यासमोर मी पदर सावरला, आणि जी माझ्याबरोबर सिनेमाला यायला मागत होती तिच्यावर कुदळ घातली.

दोघींचे नवरे गेले. आता घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या. हिरा शेजारच्या खोलीत पडली आहे. अधूनमधून उठून येते आणि विचारते, ‘वहिनी, एवढं काय लिवतंस?’ मी म्हणते, ‘काय न्हाय, असंच.’ ती कागदाकडे कौतुकाने बघते. मी सातवीपर्यंत शिकले आहे, तिला अक्षरही वाचता येत नाही. म्हणूनच हे लिहायचं धाडस झालं.