ठरावाचे अनुमोदक

वकीलपत्रावर वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट चिकटवताना डिंकाचा वास आला, की पाटोद्याच्या कोर्टातल्या बार रूममधली ती सभा आठवते. मी वकील संघाचा खजिनदार होतो. वर्गणी थकवणारा वकील वारला, तर त्याच्या घरच्यांना मदतनिधी मिळू नये, असा ठराव मी मांडला. अनुमोदनाला कुणीच उठेना. शेवटी जाधव वकील उठले.

"नियम चांगला हाय. माजं नाव लिवा."

त्यांचीच वर्गणी थकली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. बसून राहिलं तर थकबाकीचा संशय येईल म्हणून ते उठले होते, आणि मीच ठराव मागे घ्यावा म्हणून माझ्याकडे टक लावून बघत होते, हे आता कळतं.

पुढच्याच उन्हाळ्यात, वर्गणी थकलेली असतानाच, ते गेले. "आमाला मदत कावून न्हाई, साहेब?" त्यांच्या बायकोनं विचारलं. मी रजिस्टर उघडून तिला ठरावाखालची नवऱ्याचीच सही दाखवली.