तिसरी वायर

“वायरच बराबर न्हाई, महाराज. काहून टेन्शन घेऊन राहिले?”

“तुमी मघाशीबी वायरच म्हनले,” बाबा म्हणाले. बाबा देवळात पुजारी आहेत.

वारंगा फाट्यावरच्या या दुरुस्तीवाल्या काकांनी पिशवीतून तिसरी वायर काढली. आमच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क अखेरच्या घटका मोजत होती आणि गेलेल्या आईच्या आवाजातली गाणी फक्त त्यातच होती. ती नव्या कॉम्प्युटरवर घेण्यासाठी काकांनी दोन्ही कॉम्प्युटर थेट वायरने जोडले होते.

काका कुठल्याही मशीनवर आधी हात ठेवतात, लेकराचा ताप बघावा तसा. पडद्यावर इंग्रजी चौकट आली की बटणांच्या जागा बघून ती बंद करतात, वाचत नाहीत. वाचता येत नाही, हे मला दुसऱ्या वायरीच्या वेळी कळलं.

चौकटीत वायरीचं नावही नव्हतं. फोल्डर उघडायची परवानगी नाही, एवढंच लिहिलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर ती दिली असती तर काम झालं असतं. पण बाबांसमोर काकांना हे सांगायचं कसं? मी चहा ठेवायला आत गेले.

परत आले तेव्हा जुना कॉम्प्युटर टकटक वाजत होता. मग पडदा काळा झाला, तो पुन्हा उजळलाच नाही.

“वायरी बदलत बसले तुमी!” बाबा ओरडले.

काकांनी मशीनवर हात ठेवला. “चूक माझी हाय, महाराज.”

“काका,” मी म्हणाले, “ते इंग्रजी मी वाचलं होतं. मी गप्प बसले.”