सुकवायला पाणी लागतं

कपडे धुऊन सुकवणारं मशीन फिरत होतं. आवाज नेहमीचाच, स्क्रीनवर वेळही उलटी पळत होती, फक्त गरम होत नव्हतं. मघाशी तापलेल्या दाराच्या काचेला हात लावला तर गार पडत चाललेली. आणि आत माझा युनिफॉर्म, एकुलता एक, ओला पचपचीत. दुपारी जयगडच्या पोर्टची गाडी नाक्यावर येणार होती, नोकरीचा पहिला दिवस, आणि युनिफॉर्म नसेल तर गेटच्या आत घेत नाहीत हे त्यांनी आधीच बजावलेलं.

मुळात तो धुतलाच कशाला? तर कोरा कपडा पाण्यातून काढल्याशिवाय आमच्या घरात कोणी अंगात घालत नाही. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, पडवीतल्या दोरीवरचे टॉवेल अजून कुबट वास मारतायत, पण आईचं आपलं एकच, "मशीन आहे ना सुकवायला. दादाने बोटीवरच्या पगारातून कशाला घेतलंन मग?"

मी फिल्टर साफ केला. प्लग काढला, परत लावला. व्हिडिओ बघितले, त्यात एक माणूस मागचं झाकण उघडून मीटरने हीटर तपासत होता. आमच्याकडे मीटर नाही, स्क्रूड्रायव्हर आहे तो पण टोक झिजलेला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो संगमेश्वरला, म्हणे सोमवारी येतो. सोमवारी येऊन काय करणार?

वैतागून नुसता खळबळायचा प्रोग्रॅम लावला, म्हटलं निदान काहीतरी वेगळं करील. तर पिंपिं करायला लागलं, पाणी येत नाही म्हणून. मागे वाकून बघते तर नळ बंद.

"आई, नळ तू बंद केलास?"

"होय तर. कपडे धुऊन झाले, मग उघडा कशाला ठेवू? पाइप निसटला तर टाकी रिकामी. मग विहिरीवरचा पंप लावायला तू जाणारेस?"

"अगं, सुकवायला पण पाणी लागतं त्याला."

"सुकवायला पाणी." आई माझ्याकडे बघतच राहिली. "शिकलीस ना गो तू?"

फोनवर शोधून तिला वाचूनच दाखवलं. आतली वाफ गार करायला थंड पाणी लागतं, ते नसलं तर मशीन जास्त तापतं आणि हीटर आपोआप बंद पडतो. गार झाला की बहुतेक परत चालू होतो. त्या 'बहुतेक'ने मला रडूच यायला लागलं.

नळ उघडला, मशीन बंद ठेवून बसले. आईचा काही विश्वास नव्हता. तिने शर्ट ओढून काढला आणि इस्त्री फिरवायला घेतली, चर्र चर्र वाफ निघतेय आणि ही पुटपुटतेय, "पाण्याने सुकवतायत म्हणे."

मग आत राहिलेल्या पँटसकट परत मशीन लावलं. काच कोमट झाली, खरंच झाली. पण तेवढ्यात गाडीवाल्याचा फोन आला, नाक्यावर आलोय, लवकर या. पँट अर्धीच सुकलेली, कमरेला आणि खिशांना गच्च ओली. तशीच चढवली.

गेटवरच्या बाईने कार्ड बघितलं, युनिफॉर्म बघितला, आत सोडलं. ट्रेनिंगच्या खोलीत सगळे खुर्च्यांवर बसले. मी पँटची ओली बाजू भिंतीला टेकवून उभी राहिले, एसीखाली, मागच्या रांगेतून दोघं तिघं म्हणतायत बसा की, जागा आहे.