पुजलेली गिटार

यादवभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर, तीन पाळ्यांची नोकरी. नोकरीतून उरलेला वेळ झेंडूच्या मळ्याला आणि मळ्यातून उरलेला गिटारला. लग्नाला वेळ उरलाच नाही, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे आणि ते नुसते हसायचे. त्यांना राग म्हणून कधी येत नाही, त्यांच्या वाटचाही मलाच येतो.

ती लाल गिटार त्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका फौजी साहेबाकडून घेतली होती. साहेबाची बदली झाली, सामान निघालं, त्यात ही. विजेवर चालणारी. शिकवणार कोण? कॅसेट लावायची, मागे घ्यायची, परत लावायची. सगळी जुनी इंग्रजी रॉक गाणी. शब्द आम्हाला कळत नव्हते, खरं सांगायचं तर अर्धे त्यांनाही नव्हते. घरात वाजवायला बसले की साळूबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातूनच म्हणायच्या, "ते तुणतुणं तिकडं विहिरीवर ने. म्हैस पान्हा चोरती." मग भाऊजी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन वाजवायचे. आईला उलट बोलले असं मी तरी ऐकलं नाही.

पुढे प्लांटमधलेच चौघे जमले. गोरक्ष ड्रमवर, आणखी दोघे साथीला गाणारे, आणि भाऊजी गिटार वाजवून गाणारे. बँडचं नाव ठेवलं 'नाइट शिफ्ट'. पण स्टेज कोण देणार? एकदा गणपतीत उभे राहिले तर दुसऱ्याच गाण्याला मंडळाच्या पोरांनी माइकची वायर उपटली, आम्हाला नाचायचंय म्हणाले. त्या दिवशी भाऊजी घरी आले, जेवले, गाईला चारा टाकला. मला मात्र त्या पोरांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

अठ्ठ्याण्णव साली प्लांटच्या कॉलनीतल्या दसरा कमिटीनं त्यांना बोलावलं. मैदानावर रावण जाळायच्या आधी अर्धा तास. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, ह्या वेळी लोकांनी उठवलं तर गिटार विकून टाकणार. किती दिवस स्वतःचं स्वतःच ऐकायचं?"  हा माणूस गिटार विकणार म्हणजे मग त्याच्याकडे राहणार काय?

दसरा म्हणजे आम्हा माळ्यांची सुगी. पहाटेपासून सगळं घर नाशिकच्या बाजारात झेंडू घेऊन बसलेलं. सासूबाई तेवढ्या पूजेसाठी घरी थांबल्या. दुपारी आम्ही परत आलो तर ओसरीवर पूजा मांडून तयार. कुदळ, खुरपी, फवारणीचा पंप, जुना तराजू, माझं शिवणयंत्र आणि मधोमध ती लाल गिटार. तिला हळदकुंकू लावलेलं, अक्षता वाहिलेल्या, गळ्यात झेंडूची माळ.

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुझं बी हत्यारच हाय ना ते. म्हटलं, ह्या वर्षी पुजावं."

भाऊजींनी पूजेला हात जोडले, मग वाकून आईच्या पाया पडले.  आमच्याकडे दसऱ्याला पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत जागचं हलवत नाहीत. त्या दिवशी खुरप्यानं गवताची काडीसुद्धा कापायची नाही.

मी भाऊजींना गोठ्यात गाठलं. "तोंड दिलंय ना देवानं? सांगा की त्यांना, संध्याकाळी लागणारे म्हणून."

"आईला वाटतं, लग्नातल्या बँडवाल्यांसारखी वाद्यं तिथंच मिळतात." ते म्हणाले. "वहिनी, आजवर तिनं गिटारला हात लावला नव्हता. आज कुंकू लावलं. ते पुसून उचलून नेऊ? तुम्ही पण काही बोलायचं नाही, माझी शपथ आहे."

शपथ घातली आणि मोकळ्या हातांनी निघून गेले. दुसरी गिटार आणायची कुठून? मी रागानं भांडी अशी आपटली की सासूबाईंनी विचारलं, आज काय बिनसलंय.

संध्याकाळी मैदान फुललेलं. सुट्टीचा दिवस, नवे कपडे, हातात आपट्याची पानं, पोरं रावणाकडे बघत बसलेली. नाइट शिफ्ट स्टेजवर आली. गोरक्षनं ड्रम धरला आणि भाऊजी नुसतेच गायला लागले. आवाज बरा होता, पण गाणं उघडंबोडकं वाटत होतं. गाता गाता त्यांचा डावा हात हवेत तारा दाबत होता, त्यांना कळतही नव्हतं. पोरं हसायला लागली. मागून शिट्ट्या आल्या.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "शुभांगी, ह्याचं तुणतुणं कुठंय?"

शपथ गेली खड्ड्यात. "ओसरीवर. पुजलंय तुम्ही."

 सासूबाई स्टेजवरचा तो हवेतला हात बघत राहिल्या. मग उठल्या आणि सासऱ्यांना, लहानूमामांना, म्हणाल्या, "गाडी काढा." मामांनी एम-एटी काढली आणि दोघं गर्दीतून गेली.

इकडे कमिटीचा एक माणूस स्टेजच्या पायरीशी आला. आता पुरे, पब्लिक कंटाळलं, म्हणाला. मी पदर खोचून त्याच्या आडवी उभी राहिले. "अर्धा तास दिलाय ना? मग रावण काय पळून चाललाय का? उभा आहे तिथंच." गोरक्षनं माझ्याकडे पाहिलं आणि एकटाच ड्रम बडवत सुटला. घामानं निथळला, पण थांबला नाही.

एम-एटी थेट स्टेजला येऊन टेकली. मागे सासूबाई, मांडीवर नातू धरावा तशी गिटार धरलेली. माळेसकट. त्या पायऱ्या चढून वर गेल्या. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या मैदानानं ऐकलं.

"घे. अक्षता टाकून जागची हलवून आणली. देवाला सांगितलं, ह्याचं काम आजच हाय."

भाऊजी माळ काढायला लागले. त्या म्हणाल्या, "राहू दे. वाजव."

वायर जोडली आणि पहिलाच सूर असा निघाला की हसणारी पोरं गप्प झाली. मी ते गाणं मोटारीच्या खोलीतून शंभरदा ऐकलं असेल, पण असं कधीच नाही. बोटं तारांवर धावत होती, हळदकुंकवानं पिवळी-लाल झाली होती, झेंडूच्या पाकळ्या स्टेजभर उडत होत्या. आमचा एवढा अबोल माणूस, पण त्या दिवशी त्यानं सगळं बोलून घेतलं. माझे डोळे भरून आले, लपवायचं कशाला? आधी पोरं उठली, मग त्यांचे बाप. रावणाला काडी लावायला आलेले साहेबसुद्धा पायानं ठेका धरून उभे होते. अर्धा तास कधीच संपला होता आणि कमिटीचा तो माणूस पुढे उभा राहून अजून एक, अजून एक म्हणत होता.

सासूबाई माझ्या शेजारी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दोन्ही कान हातांनी गच्च दाबलेले, कपाळाला आठ्या. मी म्हटलं, "आत्या, सोसत नसेल तर मागं जाऊन बसू."

त्यांनी मान हलवली आणि जागच्या उठल्या नाहीत. गाणं संपलं तेव्हा भाऊजींनी आधी त्यांच्याकडेच पाहिलं. सासूबाईंनी कानांवरचे हात काढले आणि टाळ्या वाजवल्या.