दोन बारशी आणि एक धपाटा

महामारीच्या काळात मी आयुष्यातला बराच मोठा वेळ एका वस्तूचं नाव ठरवण्यात घालवला. ती वस्तू मी बनवणार नव्हतो, विकणार नव्हतो, आणि तिचं नाव काय ठेवावं हे मला कुणी विचारलंही नव्हतं. हातात धरून खेळायचा नवा गेम कन्सोल येणार, अशी नुसती कुणकुण होती. कंपनी तोंडातून ब्र काढत नव्हती. तरी आम्ही चौघं दर रविवारी सकाळी अकरा वाजता लॅपटॉप उघडून त्याच्या नावावरून भांडत होतो. आठवड्यातून तेवढ्या एका दिवशी मी दाढी करत असे.

चौघं म्हणजे एक मी, नायमेखन या डच शहरात चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. दुसरा डेल्फ्टला पीएचडी करणारा पोरगेला विद्वान, ज्याला साध्या चहावरही स्प्रेडशीट करायची सवय. तिसरा कापेल आन डेन आयसेलला राहणारा आयटीवाला, मूळचा डोंबिवलीचा, ज्याच्या मागे कुकरच्या शिट्ट्या कधी थांबत नसत. आणि चौथी माझी सख्खी मोठी ताई, साताऱ्यात एकटी राहून शाळेत गणित शिकवणारी, आणि आम्हा चौघांतली सगळ्यात कडवी खेळाडू. आमच्या अकराला तिकडे अडीच वाजलेले असायचे. ती जेवून, भांडी आवरून, चष्मा पुसून भांडायला बसायची.

माझ्याकडे आतली बातमी असणार, असा बाकीच्यांचा पक्का समज होता. मी चिप बनवतो, कन्सोलमध्ये चिप असते, म्हणजे मला सगळं ठाऊक. मी शंभरदा सांगितलं की आमच्या चिपा गाडीच्या ब्रेकमध्ये जातात. "लपवतोय," कापेलवाला म्हणायचा. "गुप्ततेचा एनडीए साइन केला असेल रे त्याने." मग मीही जरा गूढ हसायला लागलो. कौतुक कुणाला नको असतं?

माझं मत होतं की जुनंच नाव ठेवतील आणि पुढे 'प्रो' लावतील. कापेलवाला 'दोन'च्या बाजूचा. डेल्फ्टच्या विद्वानाने सोळा नावांना गुण देऊन 'प्लस' पहिलं काढलं होतं. ताईला यातलं काहीच पसंत नव्हतं. "प्रो म्हटलं की ज्यांच्याकडे जुना आहे ते सगळे शिकाऊ झाले का?" ती विचारायची. "आणि 'दोन' ठेवलं की विकत घेतल्या दिवसापासून माणूस 'तीन'ची वाट बघणार." तिचं म्हणणं, नाव कोरं करकरीत हवं. शिवाय तिने एक परीक्षा काढली होती. कुठलंही नाव सुचलं की ते स्वयंपाकघरातून जेवायला बोलावल्यासारखं तीनदा ओरडायचं. ओरडताना लाज वाटली तर नाव बाद.

त्यामुळे आमचे रविवार असे जायचे. मी नायमेखनच्या तिसऱ्या मजल्यावरून ओरडतोय, "प्रोऽऽ, जेवायला ये!" तिकडे विद्वान "प्लसऽऽ!" म्हणून घसा फोडतोय आणि त्याचा डच रूममेट दार वाजवून विचारतोय, सगळं ठीक आहे ना. ताई इतकी हसायची की तिचा चष्मा पडायचा आणि स्क्रीनवर काही वेळ नुसतं छत दिसायचं. लोक घरात कोंडलेले, बातम्या एकाहून एक वाईट, आणि आम्ही तिशी-चाळिशीतली माणसं एका न जन्मलेल्या यंत्राला जेवायला हाका मारतोय. मला त्याची अजूनही अजिबात लाज वाटत नाही.

या सगळ्यात माझी बायको पोटुशी होती. ती बाजूच्या खोलीतून ऐकायची आणि एकदा दारात येऊन म्हणाली, "अरे, आपल्या बाळाच्या नावाचा विचार करशील का जरा? का त्याचीही लीक यायची वाट बघतोयस?" मी म्हटलं, ते माझ्या हातात नाहीच. ते ताईचं खातं आहे.

आणि ते खरंच तसं होतं. मी सात वर्षांचा आणि ताई अकराची असताना बाबांनी जत्रेतून ठोकळे पडणारा हातातला गेम आणला होता. दोघांत एक. मे महिन्याच्या सुट्टीत मला तो अख्खा माझ्याकडे हवा होता, आणि ताई खेळात माझ्यापेक्षा दसपट चांगली, म्हणजे तिची पाळी कधी संपायचीच नाही. शेवटी सौदा झाला. सुट्टीभर गेम माझा, आणि मी मोठा झाल्यावर माझ्या पहिल्या बाळाचं नाव ताई ठेवणार. वहीच्या पानावर लिहून मी सही केली, शाईच्या पॅडवर अंगठाही उठवला. पुढे कधीतरी कळलं की आत्या म्हणून तो मान तिचाच असतो. जे तिचं होतंच तेच मी तिला विकलं होतं! ताई यावरून मला अजून लबाड म्हणते, पण ते पान तिने जपून ठेवलं. एका रविवारी तिने ते कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा विद्वानाने स्क्रीनशॉट काढून ग्रुपचा फोटो केला.

नाव तिने ठरवलं होतं. कुणाला सांगत मात्र नव्हती. बाराव्या दिवशी बाळाच्या कानातच सांगणार, त्याआधी चकार शब्द नाही. खरं तर ती बाळंतपणाला इथे यायची होती. व्हिसाचे कागद तयार होते, बारशाला नेसायची साडी काढून ठेवलेली होती. मग विमानं बंद झाली. ती त्यावर एवढंच म्हणाली, "बरं, मग फोनवरून." आणि लगेच 'प्रो'ला नावं ठेवायला लागली. पण तिच्यामागे खुर्चीवर ती साडी पुढचे कितीतरी रविवार तशीच घडी घालून ठेवलेली दिसायची.

एप्रिलमधल्या एका सोमवारी आम्हाला मुलगी झाली. इथे बाळ-बाळंतिणीला दवाखान्यात फार ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी, आणि घरी रोज येणारी क्रामझोर्खची बाई मास्क लावून हजर. ही बाई आठवडाभर येते, बाळाला अंघोळ घालायला शिकवते, आईकडे बघते आणि बापाला कामाला लावते. बुधवारी सकाळी बाळाचं वजन करता करता तिने विचारलं, "खेमेन्तेत नोंद झाली ना?" खेमेन्ते म्हणजे नगरपालिका. मी अभिमानाने सांगितलं, सगळं प्लॅन केलंय. कॅलेंडरमध्ये टाकलंय. बाराव्या दिवशी नाव ठेवणार, तेराव्या दिवशी नोंद.

तिने बाळाला खाली ठेवलं. "तीन दिवस," ती म्हणाली. "जन्माचा दिवस सोडून तीन दिवसांत नोंद करावी लागते. नावासकट."

मी या देशात सहा वर्षं राहत होतो. कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकायचं ते मला पाठ होतं. जे यंत्र बाजारात नाही त्याच्या नावाच्या सोळा शक्यता मला तोंडपाठ होत्या. आणि पोटच्या पोरीच्या नावाची शेवटची तारीख मी बघितलीच नव्हती, कारण बारसं बाराव्या दिवशी असतं यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. खेमेन्तेला फोन केला. गुरुवारी सकाळी दहा वीसची वेळ मिळाली.

मी ताईला फोन लावला. तिचा ऑनलाइन तास चालू होता. तिने पोरांना अपूर्णांक सोडवायला दिले आणि माझं ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी सरकारी कागदावर, आणि मग तिच्या कानात?" ती म्हणाली. "म्हणजे मी शिळं नाव सांगायचं?"

"ताई, तसं नाही गं."

"तसंच आहे. भावड्या, मला तिथे येता आलं नाही, चालेल. मला तिला मांडीवर घेता आलं नाही, तेही चालेल. पण नाव तिने पहिल्यांदा माझ्याकडून ऐकायचं होतं. एवढंच तर होतं." एवढं बोलून तिने फोन ठेवला. ताईचा आवाज मी असा फुटलेला आधी एकदाच ऐकला होता, आई गेली तेव्हा.

त्या आठवड्यात साताऱ्यात परिस्थिती वाईट होती. तिच्या समोरच्या घरातली दोघंही दवाखान्यात होती. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी तीन दिवस आणि बारा दिवस यांतला फरक बघितला नव्हता. मला स्वतःचा मनस्वी राग आला.

दुपारी ताईशिवाय तातडीची मीटिंग बसली. विद्वान म्हणाला, सध्या तात्पुरतं नाव द्या, नंतर बदला. त्याने लगेच शोधलंही, आणि इथे पहिलं नाव बदलायला वकील आणि कोर्ट लागतं असं निघालं. "'बेबी प्रो' ठेवूया," कापेलवाला म्हणाला आणि माझ्या बायकोने त्याला आतूनच असं काही सुनावलं की त्याने कॅमेरा बंद केला. मग तीच बाहेर आली, बाळ खांद्यावर, केस विस्कटलेले. "तुम्ही वर्षभर कसल्या कसल्या नावांवर डोकं चालवताय," ती म्हणाली, "आणि एवढं साधं सुचत नाही? उद्या सकाळी आठला बारसं करू. दहा वीसच्या आत. तिसऱ्या दिवशी केलं म्हणून काय आभाळ कोसळतंय?"

मी ताईला तेवढं एक वाक्य लिहून पाठवलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "साडीला इस्त्री करते."

गुरुवारी सकाळी आमच्या घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. बाळाच्या छोट्या पलंगाला बायकोची ओढणी बांधून पाळणा केला. सुंठवड्याची सुंठ संपली होती, म्हणून इथे बाळ झाल्यावर देतात त्या बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या लावलेल्या टोस्टवर भागवलं. क्रामझोर्खची बाई वेळेआधी येऊन कोपऱ्यात उभी राहिली. स्क्रीनवर विद्वान झब्बा घालून, कापेलवाला बायकोसकट, आणि मधल्या चौकटीत ताई. ती साडी, नाकात नथ, समोर निरांजन. साताऱ्यात साडेअकरा वाजले होते.

"सगळ्यांनी म्यूट करा," ताईने वर्गात द्यावा तसा हुकूम सोडला. "भावड्या, लॅपटॉप लांब ने. मी फोन करते, तो फक्त तिच्या कानाला लाव. तू ऐकायचं नाही."

"अगं, मला दोन तासांनी ते नाव खेमेन्तेत सांगायचंय!"

"तुला नंतर. आधी तिला."

मी फोन पोरीच्या कानाशी धरला आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिलो. ताई काय बोलली कोण जाणे, पण एका शब्दापेक्षा बरंच जास्त बोलली. पोरगी डोळे उघडून ऐकत होती. मग फोन माझ्या कानाला आला, मग बायकोच्या, आणि बायको रडायलाच लागली, इतकं ते छान होतं. इथे लिहीत नाही. ताईने मना केलंय, आणि या बाबतीत शब्द तिचा चालतो.

मग आम्ही सगळे "कुर्रर्र" ओरडलो. आणि तिथेच अडलो. कारण कुर्र झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि ताईच्या घरात धपाटा घालायला कुणी नव्हतं. ती स्क्रीनवर पाठ जरा पुढे करून बसली होती, सवयीने. तिच्याही ते लक्षात आलं. तिने हसून पदर सारखा केला आणि म्हणाली, "जा आता, उशीर होईल."

खेमेन्तेच्या काउंटरवरच्या माणसाने काचेपलीकडून नाव टाइप केलं, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणून खात्री केली आणि विचारलं, नाव कुणी निवडलं? मी म्हटलं, माझ्या बहिणीने, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या करारानुसार. तो मान डोलावून म्हणाला, "चांगला करार."

उन्हाळ्यात कन्सोलचंही नाव एकदाचं जाहीर झालं. जुनंच नाव, आणि त्याला जोडून पडदा कसला आहे ती माहिती. बस! प्रो नाही, प्लस नाही, दोन नाही. सोळांतलं एकही नाही. विद्वानाने त्याची स्प्रेडशीट आमच्यासमोर डिलीट केली. मग ताई म्हणाली, "याला आत्या नाही वाटतं," आणि त्यानंतर तासभर कुणालाच धड बोलता आलं नाही, इतके हसलो.

ताई इथे आली ती पुढच्या वर्षी, वाटा मोकळ्या झाल्यावर. स्किपोल विमानतळावर आम्ही तिघं, शिवाय डेल्फ्टचा विद्वान आणि कापेलवाला, ट्यूलिपची जुडी घेऊन. दोघांना मी बोलावलं नव्हतं, तेच आले होते. सरकत्या दारातून ताई ट्रॉली ढकलत बाहेर आली. माझी लेक नुकती चालायला लागली होती आणि अनोळखी माणूस दिसला की माझ्या पायामागे लपायची. ताई लांबच थांबली आणि तिथूनच तिने पोरीला नावाने हाक मारली, स्वयंपाकघरातून जेवायला बोलावल्यासारखी, पूर्ण घसा मोकळा करून. आजूबाजूचे डच लोक वळून बघायला लागले. लेक पायामागून बाहेर आली आणि डुलत डुलत तिच्याकडे चालत गेली. तो आवाज ती दर रविवारी ऐकत आली होती.

ताई तिथेच फरशीवर बसली, तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी वाकली. तिची पाठ आमच्याकडे होती. मी पुढे झालो आणि सणसणीत धपाटा घातला. मागून बायकोने, मग त्या दोघांनी. लेकीला काय कळलं कोण जाणे, तिनेही दोन्ही हातांनी आत्याच्या खांद्यावर थापट्या मारल्या आणि खिदळली. ताईने वर बघितलं तर डोळे गळत होते आणि ती हसत होती.

"हळू मारलास," ती म्हणाली. "आणखी एक घाल."